स्तनाचा कर्करोग आणि रुग्ण स्त्रीचे मनःस्वास्थ्य

सुरत शहराच्या आग्नेय भागात, उधना जंक्शनहून जळगावकडे फुटणाऱ्या रेल्वेमार्गाच्या परिसरात नवागाम, डिंडोली आणि लिंबायत ह्या दाट वस्त्या पसरलेल्या आहेत. नंदुरबार, धुळे आणि जळगाव ह्या जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या व कापड-प्रक्रियेच्या कामासाठी आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे येथे स्थायिक झालेली आहेत. घरात अहिराणी, मुलांच्या शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा येथील नित्याचा भाषाव्यवहार होय. पुरुष मागावर किंवा कापडबाजारात कामाला जातात. अनेक स्त्रिया घरी बसून साडीवर खडे-टिकल्या लावणे, लेस शिवणे, धागे कापणे अशी नगावर मजुरी मिळणारी कामे करतात. हातावर पोट असलेल्या अशा संसारातील स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा शस्त्रक्रिया कोठे करावी आणि पैसा कोठून आणावा ह्या दोन प्रश्नांनी सारे घर व्यापून जाते. तिच्या मनाचे काय चालले आहे, हा तिसरा प्रश्न विचारायला कोणास सवड नसते. प्रस्तुत लेखात त्या तिसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

ह्या रोगाचे प्रमाण किती, हे प्रथम थोडक्यात पाहू. २०२२ ह्या वर्षासाठी जागतिक पातळीवर केलेल्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यामुळे मृत्यू पावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत आज ह्याच रोगाचा क्रमांक पहिला लागतो. तथापि, कर्करोग म्हणजे मृत्यू हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. देशातील ११ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या क्षेत्रांत २०१२ ते २०१५ ह्या काळात निदान झालेल्या १७ हजारांहून अधिक स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला. रोग स्तनापुरताच मर्यादित असताना उपचार झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असल्याचे त्यात दिसून आले. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचल्यावर हे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवर येते आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर १८ टक्क्यांपर्यंत घसरते. ह्याचा दुसरा अर्थ असा की, रोगातून वाचलेल्या आणि पुढे दहा, वीस, तीस वर्षे जगावयाच्या स्त्रियांची संख्या आपल्या समाजात सातत्याने वाढत आहे. ती वर्षे त्यांनी कशी जगावीत, हा आता वैद्यकाचाही विषय झाला आहे.

जीवनमान आणि जगण्याची प्रत

शासकीय कागदपत्रांत ‘जीवनमान’ हा शब्द आपण उत्पन्न, घर, वीज, पाणी ह्या अर्थी वापरतो. वैद्यकातील ‘जगण्याची प्रत’ ही कल्पना त्याहून निराळी आहे. रुग्णाला वेदना किती होतात, झोप लागते का, स्वतःची कामे स्वतः करता येतात का, घरच्यांशी मोकळेपणाने बोलता येते का, भविष्याची धास्ती किती वाटते, ह्या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. ती मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने १९९३ मध्ये सर्व कर्करोगांसाठी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९६ मध्ये खास स्तनाच्या कर्करोगासाठी तेवीस प्रश्नांची पुरवणी तिला जोडली. ‘आपल्या शरीराकडे पाहणे तुम्हांला कठीण वाटते का’, ‘केस गेल्यामुळे तुम्हांला वाईट वाटते का’ अशा आशयाचे प्रश्न त्या पुरवणीत आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरे रुग्ण स्त्री आपणहून कधी देत नाही, तेच नेमके त्यात विचारलेले आहेत. रक्ताच्या तपासणीत ह्यातले काही दिसत नाही. ते विचारावेच लागते.

मनाची वाटचाल

निदान कळल्यानंतरचे पहिले काही दिवस बहुतेक स्त्रिया सुन्न असतात. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांना आठवत नाही. ‘अहवाल चुकला असेल’ असे वाटते. पुढे चिडचिड, रडू, भूक मंदावणे, रात्री दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा झोप न लागणे असे प्रकार सुरू होतात. हे सारे स्वाभाविक आहे आणि पुष्कळजणींच्या बाबतीत काही आठवड्यांत ते ओसरते. उपचारांचे वेळापत्रक ठरले की मनाला एक आधार मिळतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

तथापि, सर्वांच्याच बाबतीत असे घडत नाही. लंडनमध्ये आरंभीच्या अवस्थेतील स्तनकर्करोग असलेल्या २२२ स्त्रियांची पाच वर्षे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांना नैराश्य, तीव्र चिंता किंवा दोन्ही विकारांनी ग्रासले होते. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षी हे प्रमाण एक चतुर्थांशावर आले आणि पाचव्या वर्षी १५ टक्के राहिले. ह्या पाहणीतील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. गाठ किती मोठी होती किंवा उपचार कोणते झाले, ह्यांचा नैराश्याशी फारसा संबंध आढळला नाही. ज्या स्त्रीला मनातले बोलायला जवळचे विश्वासाचे माणूस नव्हते, तिची उदासी मात्र अधिक काळ टिकली. लंडन आणि नवागाम ह्यांत अंतर पुष्कळ आहे, हे खरे. परंतु दहा-बारा माणसांच्या घरात राहणाऱ्या स्त्रीलाही बोलायला एकही माणूस नसू शकते, हे आपल्याकडील कोणत्याही परिचारिकेला ठाऊक आहे.

उपचार संपण्याचा दिवस आनंदाचा असावा अशी घरच्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक स्त्रियांना त्याच वेळी एकाकी वाटू लागते. आठ-दहा महिने रुग्णालयात ये-जा होती, परिचारिका चौकशी करीत, औषध चालू असल्याचा दिलासा होता. ते एकाएकी थांबते आणि ‘रोग पुन्हा उलटला तर?’ हा विचार डोके वर काढतो. पाठ दुखली तरी पोटात गोळा उठतो. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. हे भय पूर्णतः जात नाही, पण त्याची धार कमी करता येते. कोणती लक्षणे दिसल्यास तपासणीस यावे आणि कोणत्या दुखण्यांनी घाबरू नये, एवढे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले तरी निम्मी धास्ती उतरते.

लपवालपवी

आपल्याकडील रुग्णांच्या मनःस्वास्थ्याचा सर्वांत अवघड गुंता निदान लपवण्याच्या रीतीत आहे. नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ‘तिला काही कळू देऊ नका, ती धसका घेईल.’ ह्यामागे माया असते, ह्यात शंका नाही. परंतु कर्करोगाच्या इस्पितळात नेलेल्या, केस गळलेल्या आणि प्रारणोपचाराच्या रांगेत बसलेल्या स्त्रीला आपल्याला काय झाले आहे हे कळत नाही, असे मानणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे होय. तिला कळलेले असते. घरचे लपवतात म्हणून तीही आपल्याला कळल्याचे लपवते. नवरा रात्री ओसरीवर रडतो आणि बायको आत उशीत तोंड खुपसून रडते. सकाळी दोघेही एकमेकांना ‘बरे वाटते ना?’ असे विचारतात. ह्या नाटकात दोघांचीही शक्ती खर्च होते.

लपवण्याचे दुसरे वर्तुळ शेजाराचे व भाऊबंदकीचे. रोग सांसर्गिक आहे, दूध पाजताना मार लागल्यामुळे तो होतो, मागील जन्मीच्या पापाचे फळ आहे, अशा समजुती अजून ऐकू येतात. ह्यांतील एकही खरी नाही. एकाच ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, स्पर्शाने किंवा पतिपत्नींच्या सहवासाने हा रोग दुसऱ्याला होत नाही. थोड्या कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. बहुसंख्य रुग्णांत तसे कारण सापडत नाही. तरीही मुलीच्या लग्नात अडचण येईल ह्या भयाने आई आपला आजार गावाकडे कळू देत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते, त्या वेळी सारी भाऊबंदकी एकत्र येते. रोटाचे दळण, स्वयंपाक, रात्रीचे जागरण ही सर्व कामे स्त्रियांनी मिळून करावयाची असतात. डोक्यावर पदर घट्ट ओढून, ‘अंगात कणकण आहे’ असे सांगून आतल्या खोलीत पडून राहणाऱ्या स्त्रीच्या मनाची अवस्था वाचकांनी कल्पावी. तिच्या हाती दळणाची एक ओंजळ देऊन सासूने किंवा थोरल्या जावेने तिला आपल्याशेजारी बसवले, तर त्याचा परिणाम चार व्याख्यानांहून अधिक होतो.

खरे कसे सांगावे, ह्यालाही एक पद्धत आहे. सर्व काही एकाच बैठकीत सांगण्याची गरज नसते. तिला किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी तिलाच विचारावे. ती विचारील तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे, आणि त्याबरोबरच पुढे काय करावयाचे आहे हेही सांगावे. लहान मुलांना आईच्या आजाराचे नाव सांगावे की नाही, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. मुलांना घरातील ताण लगेच जाणवतो. काही न सांगितल्यास आपल्या खोडकरपणामुळेच आई आजारी पडली असे ती मनात धरून बसतात. ‘आईला गाठ झाली आहे, औषधाने तिचे केस जातील व पुन्हा येतील, हे तुझ्यामुळे झालेले नाही’ एवढे सहा-सात वर्षांच्या मुलालाही समजते.

ह्याच संदर्भात आणखी एका सवयीविषयी लिहिणे आवश्यक आहे. ‘हिंमत धर, मन खंबीर ठेव, म्हणजे रोग पळून जाईल’ असे रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो. मनोधैर्याने कर्करोग बरा होतो, ह्याला पुरावा नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात गटचर्चेत सहभागी झालेल्या रुग्ण स्त्रिया अधिक काळ जगल्याचे आढळले होते आणि त्याचा बराच बोलबाला झाला. परंतु २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मनाचा त्रास व वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, आणि ज्या मुळात अधिक दुःखी होत्या त्यांना अधिक लाभ झाला. मनाचे उपचार मनासाठीच करावयाचे असतात, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. आयुष्य लांबवण्याचे ओझे रुग्णाच्या हिंमतीवर टाकले, तर रोग बळावल्यावर ‘मीच कमी पडले’ असा दोष ती स्वतःला देते. तिला रडू येत असेल तर रडू द्यावे.

शरीरातील बदल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यचिकित्सक हॉलस्टेड ह्यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढून टाकीत असत. सुमारे पाऊणशे वर्षे तीच रीत प्रचलित होती. १९८१ मध्ये मिलानचे व्हेरोनेसी आणि १९८५ मध्ये अमेरिकेतील फिशर ह्यांनी आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य रुग्णांत केवळ गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून नंतर प्रारणोपचार दिल्यास जगण्याचे प्रमाण तेवढेच राहते, असे त्यांतून दिसून आले. २००२ मध्ये, वीस वर्षांच्या मागोव्यानंतरही तो निष्कर्ष कायम राहिला. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘स्तन वाचवता येईल का?’ असे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. पन्नाशीच्या स्त्रीला आता त्याचे काय, असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

ज्यांचा स्तन काढावा लागतो, त्यांना आरशासमोर उभे राहणे नकोसे होते. पतीसमोर कपडे बदलणे टाळले जाते, अंथरुणे वेगळी होतात आणि कोणीच काही बोलत नाही. पुष्कळदा पती केवळ तिला दुखेल ह्या भीतीने दूर राहतो आणि ती मात्र ‘मी आता नकोशी झाले’ असा अर्थ घेते. डॉक्टरांनी पती-पत्नी दोघांना एकत्र बसवून पाच मिनिटे बोलल्यास हा गैरसमज दूर होऊ शकतो. चोळीत बसवण्याचा कापसाचा किंवा विणलेला हलका उभार घरीही तयार करता येतो. जखम भरल्यानंतर सिलिकोनचा उभार वापरता येतो. अमेरिकेत १९५२ मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या टेरेसे लॅसर ह्यांना अशी साधी माहिती देणारे कोणी भेटले नाही, म्हणून त्यांनी स्वतःच नव्या रुग्णांना भेटण्याचा उपक्रम सुरू केला. ह्या रोगातून बरी झालेली स्त्री समोर येऊन बसते, तेव्हा ती काय बोलते ह्यापेक्षा ती जिवंत व हिंडती-फिरती आहे हेच रुग्णाला अधिक सांगून जाते. मुंबईत १९९४ पासून कार्यरत असलेल्या ‘व्ही केअर’ ह्या संस्थेसारख्या संस्था हेच काम करतात.

केस साधारणतः पहिल्या रासायनी चिकित्सेनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात व उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. आपल्याकडे केस जाण्याला वैधव्याच्या जुन्या रूढीचा एक अशुभ संदर्भ चिकटलेला आहे, त्यामुळे त्याचे दुःख इतर देशांतील स्त्रियांपेक्षा येथे वेगळे असते. केस आधीच आखूड कापून घेतल्यास तो धक्का सौम्य होतो. चाळिशीच्या आतील स्त्रियांची पाळी औषधांमुळे अवेळी थांबू शकते. अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटते, झोप व मनःस्थिती बिघडते. टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्यावयाच्या असतात. ह्या गोळ्यांबरोबर नैराश्यावरील काही औषधे चालत नाहीत, म्हणून झोपेची वा मनाची औषधे दुकानातून परस्पर आणू नयेत. मानसोपचारतज्ज्ञाला टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आवर्जून सांगावे.

हात सुजण्याचा त्रास मात्र नवागामसारख्या वस्तीत विशेष गंभीर ठरतो. काखेतील गाठी काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रियांना पुढे त्या बाजूच्या हाताला कमी-अधिक सूज येते. दिवसाला शेकडो खडे चिकटवणाऱ्या किंवा घागर उचलणाऱ्या स्त्रीचा हातच जायबंदी झाला की मजुरी जाते, आणि मजुरीबरोबर घरातील शब्दाची किंमतही जाते. पूर्वी अशा रुग्णांना ‘हात हलवू नका’ असे सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. शिकवलेले व्यायाम बेताबेताने वाढवावेत, त्वचा स्वच्छ ठेवावी, सुई टोचल्यास किंवा कापल्यास लगेच उपचार घ्यावा, सूज दिसताच दाखवावे, आणि हलके काम अवश्य चालू ठेवावे. काम सुटलेल्या बाईपेक्षा थोडेसे काम करणारी बाई मनाने लवकर सावरते, असे मला वाटते. चालणे, सोपी योगासने व श्वसनाचे प्रकार ह्यांमुळे थकवा व चिंता कमी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

दूरचे इस्पितळ, जवळची माणसे

सुरतेत महिलांच्या रुग्णालयात डॉ. रखमाबाई ह्या मराठी स्त्रीने १८९५ च्या सुमारास काम सुरू केले व दोन दशकांहून अधिक काळ ते केले. त्या काळी स्त्रिया रुग्णालयाची पायरी चढायला धजत नसत. आता मजुरागेटचे नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ह्या वस्त्यांपासून जवळ आहेत. तरीही काही कुटुंबे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या ह्या रुग्णालयाबद्दलचा विश्वास खानदेशात फार मोठा आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत तेथील रुग्णांची अल्पखर्चात सोय होते. अशा ठिकाणी एकाच रोगाच्या बायका जेवणाच्या पंगतीला भेटतात, एकमेकींच्या जखमा पाहतात, आणि घरी जे कधी बोलल्या नाहीत ते बोलतात. हा ह्या धर्मशाळांचा कोणीही न योजिलेला लाभ आहे.

रोग लवकर सापडला तर शरीराची आणि मनाची बरीच हानी टळते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर एक दीर्घ चाचणी सुरू केली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निम्म्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासावयाचे, अशी ती योजना होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आरोग्य उपकेंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी विनामूल्य उपलब्ध आहे. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी असेल, हा समज घातक आहे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.

शिक्षकांच्या हाती एक वेगळे काम आहे. वर्गातील एखादे मूल एकाएकी मागे पडू लागले, गृहपाठ आणीनासे झाले, तर घरी कोणी आजारी आहे का ह्याची एकांतात चौकशी करावी. आईच्या आजारपणात थोरल्या मुलीची शाळा सर्वप्रथम सुटते. ती पुन्हा सुरू राहील एवढे मुख्याध्यापकांनी पाहिले, तरी त्या आईच्या मनावरील एक मोठा भार हलका होतो. ग्रामसेवक, तलाठी व आरोग्य कर्मचारी ह्यांनी दाखले व कार्डे ह्यांसाठी रुग्णाला खेपा घालायला लावू नयेत. पैशाची विवंचना हेही उदासीचे एक मोठे कारण असते. गावाकडे काढलेले आयुष्मान कार्ड देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात, अर्थात सुरतेतही, चालते. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ असून सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्रावर रुग्णालयाची सही व शिक्का घ्यावा लागतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, कशातही रस न उरणे, जेवण व झोप जाणे, उपचारच नकोत असे म्हणणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवणे ही लक्षणे दिसल्यास तो केवळ स्वभाव समजू नये. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा विकार आहे. कर्करोगतज्ज्ञांना तसे सांगितल्यास ते मानसोपचार विभागाकडे पाठवतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही दूरध्वनी करता येतो. तेथे मराठीत बोलता येते आणि ह्या सेवेसाठी शुल्क पडत नाही. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या मुलीने, सुनेने किंवा पतीनेही स्वतःसाठी हा क्रमांक वापरण्यास हरकत नाही.